जुन्या घरातील लाकडी खिडक्या : काय राखावे, काय दुरुस्त करावे, काय बदलावे

जुन्या घराचे काम काढले की खिडक्यांचा निकाल बहुधा सर्वांत आधी आणि सर्वांत घाईने लावला जातो. रंगाचे पोपडे सुटलेले असतात, झडप चौकटीत नीट बसत नाही, खालच्या कोपऱ्यात नख रुतते. एवढे दिसले की सगळ्याच खिडक्या काढून नव्या बसवण्याचा सल्ला मिळतो आणि तो सोयीचाही वाटतो. परंतु लाकडी खिडकी ही एकसंध वस्तू नसून कुसू (दुसऱ्या तुकड्याच्या भोकात बसणारी लाकडाची जीभ), खाचा, पाचरी आणि खुंट्या यांनी जोडलेल्या अनेक तुकड्यांची जुळणी असते. तिचा प्रत्येक तुकडा वेगळा काढता येतो, वेगळा दुरुस्त करता येतो आणि वेगळा बदलताही येतो. म्हणूनच राखायचे की बदलायचे, हा प्रश्न अख्ख्या खिडकीला न विचारता तिच्या एकेका भागाला विचारावा. तसे केल्यास पूर्ण वाया गेलेली वाटणारी खिडकी पुष्कळदा एका उंबऱ्याच्या आणि दोन कोपऱ्यांच्या कामात भागते.

जुने लाकूड राखण्यामागे केवळ हौस नसते. संथ वाढलेल्या झाडाच्या गाभ्याचे लाकूड पूर्वी अधिक सहज मिळत असे. आज स्वस्त मिळणाऱ्या, लागवडीतल्या कोवळ्या झाडांच्या लाकडात सालीकडचा फिकट भाग जास्त असतो आणि तो कोणत्याही जातीचा असला तरी कुजण्यास दुबळाच असतो. चांगले जुने लाकूड काढून दुय्यम नवे बसवणे हा पैसे खर्च करून केलेला तोटा आहे.

आधी भाग ओळखावेत

भिंतीत पक्की बसवलेली ती चौकट. तिच्या दोन उभ्या बाजू, वरची आडवी आणि खालचा उंबरा असे चार भाग असतात. चौकटीत हलणारी ती झडप. तिलाही दोन उभ्या आणि दोन किंवा अधिक आडव्या पट्ट्या असतात, आणि काचेची झडप असल्यास काचेचे लहान भाग पाडणाऱ्या बारीक पट्ट्याही असतात. झडप दोन प्रकारे हलते. बिजागऱ्यांवर दारासारखी उघडणारी झडप सर्वांच्या परिचयाची आहे. दुसऱ्या प्रकारात दोन झडपा एकमेकींच्या मागेपुढे वर-खाली सरकतात आणि चौकटीच्या पोकळ बाजूंत, कप्पीवरून सोडलेल्या दोरीला टांगलेली ओतीव लोखंडाची वजने त्यांचा तोल राखतात. या दुसऱ्या प्रकाराची दुरुस्ती बाहेरून अवघड दिसते. प्रत्यक्षात ती सर्वांत सुटसुटीत असते, कारण ही खिडकी उघडून दोरी बदलता यावी अशाच बेताने मुळात बनवलेली असते.

पाहणी : टोचा, ओळंबा आणि वही

प्रत्येक खिडकीला क्रमांक द्यावा, आतून व बाहेरून छायाचित्र घ्यावे आणि मगच हत्यार हातात घ्यावे. लाकडाची तपासणी डोळ्यांनी होत नाही, कारण रंगाचा जाड थर आतली कूज वर्षानुवर्षे झाकून ठेवतो. टोकदार टोचा किंवा बारीक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन उंबऱ्याची दोन्ही टोके, चौकटीच्या उभ्या बाजूंचे तळ, झडपेच्या खालच्या पट्टीचे सांधे आणि काचेच्या खालच्या कडेलगतची जागा दाबून पाहावी. निरोगी लाकूड टोच्याला विरोध करते, तर कुजलेल्या लाकडात तो सहज शिरतो. टोचा उचकटल्यावर लांब चिरफळी निघाली तर लाकूड बहुधा ठीक असते. आखूड, ठिसूळ तुकडा मोडून आला तर कूज सुरू झालेली असते. वरच्या भागांवर फार वेळ घालवू नये, तिथे क्वचितच काही सापडते.

ओलावा मोजण्याचे दोन टोचण्यांचे यंत्र मिळाल्यास काम नेमके होते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या २० टक्क्यांच्या खाली राहिला, तर कूज आणणारी बुरशी सहसा धरत नाही. त्याहून जास्त आकडा पुन्हा पुन्हा येत असेल तर पाणी अजूनही आत येत आहे असे समजावे. कुजलेला भाग केवळ ओल्या जागेपुरता असेल तर तो साध्या ओल्या कुजीचा प्रकार; परंतु लाकडावर उभ्या-आडव्या खोल भेगांचे चौकोनी तुकडे पडले असतील, पांढरट तंतूंचे जाळे भिंतीवरही पसरले असेल किंवा गंजाच्या रंगाची बारीक धूळ जमली असेल, तर तथाकथित सुक्या कुजीची शंका घ्यावी. ती भिंतीतून पुढे सरकू शकते, म्हणून तिथे स्वतः खटपट न करता जाणकाराला बोलवावे. वाळवीचे मातीचे बोगदे किंवा बारीक छिद्रांखाली ताजी भुकटी दिसल्यास तेही याच सदरात येते.

चौकट अजून काटकोनात आहे का, हे दोन्ही कर्ण मोजून पाहावे. ओळंबा धरल्यावर चौकट कलंडलेली आढळली, तर दोष खिडकीचा नसून भिंतीचा किंवा वरच्या आधाराचा असू शकतो. तो आधी पाहिल्याशिवाय झडपेला रंधा मारू नये, कारण भिंत सरकतच असेल तर झडप पुन्हा अडकणार. वहीत प्रत्येक भागापुढे ‘ठीक’, ‘दुरुस्ती’ किंवा ‘बदल’ यांपैकी एकच शब्द लिहावा. घर वारसा म्हणून नोंदलेले असेल तर बाहेरून दिसणारा कोणताही बदल करण्यापूर्वी परवानगी घ्यावी लागते. हेही याच टप्प्यावर तपासावे, लाकूड कापून झाल्यावर नव्हे.

पाणी येते कुठून?

कूज हा परिणाम आहे. तुटलेली पन्हळ, भिंतीतली चीर, काचेच्या कडेची सुटलेली पुट्टी, मागे उतार असलेला उंबरा, खालून रंगाने बुजलेली पाणी तोडणारी खाच ही खरी कारणे. उंबऱ्याचा वरचा पृष्ठभाग बाहेरच्या बाजूला उतरता असावा. साधारण आठास एक, म्हणजे सुमारे ७ अंशांचा उतार पुरतो. त्याच्या पुढे आलेल्या भागाच्या खालच्या अंगाला एक सलग खाच असते. थेंब उंबऱ्याच्या खालून भिंतीकडे सरकू लागला की तो या खाचेत अडतो आणि खाली गळतो. रंगाचे हात देताना ही खाच भरून गेली, तर पाणी थेट भिंतीत आणि चौकटीच्या तळाशी जाते. बऱ्याच घरांत पहिली दुरुस्ती म्हणजे ही खाच खरवडून मोकळी करणे एवढीच असते, आणि तिला काहीच खर्च येत नाही.

जुना रंग : शिशाचा धोका

अनेक देशांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत, आणि काही ठिकाणी त्यानंतरही, तेलरंगांत शिसे वापरले जात असे. अमेरिकेत घरगुती वापराच्या रंगांतील शिशावर १९७८ मध्ये बंदी आली. म्हणून जुन्या घरातील खालच्या थरांत शिसे आहे असे गृहीत धरूनच काम करावे किंवा नमुना तपासून घ्यावा. असा रंग कोरडा घासू नये, त्याला ज्योत लावू नये. कोरड्या घासण्याने धूळ उडते, जास्त उष्णतेने धूर होतो, आणि दोन्ही शरीरात जातात. लहान मुले व गर्भवती स्त्रिया यांना कामाच्या खोलीपासून दूर ठेवावे. जमिनीवर प्लास्टिक पसरावे, पाणी शिंपडून ओले घासावे, योग्य फिल्टरचा मास्क वापरावा आणि खरवडलेला रंग बंद पिशवीत भरून स्थानिक नियमांनुसार टाकावा. गरम हवेचे यंत्र वापरायचे असल्यास अमेरिकी नियमांत त्यासाठी ११०० अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे ५९३ अंश सेल्सिअस, ही कमाल मर्यादा आहे; त्याच्या पुष्कळ खाली राहूनही रंग मऊ होतो. काचेजवळ ही हवा लागली तर काच तडकते, म्हणून काचेवर धातूचा पत्रा धरावा.

सगळा रंग काढलाच पाहिजे असे मात्र नाही. घट्ट चिकटलेला थर ओला घासून खडबडीत करावा आणि त्यावरच नवा रंग चढवावा. फक्त सुटलेला, भेगाळलेला आणि झडपेच्या कडांवर जाड होऊन तिला अडवणारा रंग काढावा. झडपा संपूर्ण कॉस्टिक सोड्याच्या हौदात बुडवून रंग काढण्याची पद्धत काही ठिकाणी चालते. तिने सांध्यांतला डिंक सुटतो आणि रसायन लाकडात मुरते, त्यामुळे मी ती टाळतो.

झडप खाली उतरवणे

बिजागरीच्या स्क्रूच्या खाचेतला रंग आधी टोच्याने काढावा. स्क्रू हलत नसेल तर तो प्रथम किंचित घट्ट दिशेला फिरवावा आणि मग सोडवावा. धरलेला गंज अशाने सुटतो. वर-खाली सरकणाऱ्या खिडकीत आतल्या बाजूची पट्टी आधी काढावी. तिच्यावरचा रंगाचा जोड सुरीने चिरून घेतल्याखेरीज पट्टी उचकटू नये, नाहीतर ती मधोमध फाटते. दोरी कापण्यापूर्वी ती घट्ट धरावी आणि कापल्यावर वजन हळूहळू खाली सोडावे, कारण वजन आत आदळले तर चौकटीच्या पोकळ बाजूचा तळ फुटू शकतो.

काच काढताना संयम लागतो. दगडासारखी कडक झालेली पुट्टी पटाशीने ठोकून काढू नये. ती उष्णतेने किंवा वाफेने थोडी मऊ करून मग खरवडावी. १९५९ मध्ये जाहीर झालेली, वितळलेल्या कथिलावर काच पसरवण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या काचांत बारीक लाटा आणि बुडबुडे आढळतात. त्या लाटांतून दिसणारे थरथरते प्रतिबिंब नव्या सपाट काचेत मिळत नाही, तेव्हा तडा नसलेली जुनी काच टाकून देऊ नये.

कुजलेला भाग बदलणे

हा कामाचा गाभा आहे आणि घाई इथेच नडते. कुजलेला भाग निरोगी लाकूड लागेपर्यंत कापावा आणि त्यापुढेही थोडे निरोगी लाकूड काढावे. जोडासाठी सरळ आडवा काप घेऊ नये. आडव्या कापात तंतूंची तोंडे तोंडाला लागतात आणि तंतूंच्या तोंडावर डिंक नीट धरत नाही. तिरका लांब काप घेतला तर चिकटणारा पृष्ठभाग वाढतो आणि तंतू तंतूंच्या बाजूला बाजू लावून बसतात. बाहेरच्या अंगाला या कापाची रेघ खाली आणि बाहेर उतरती ठेवावी, म्हणजे जोडात शिरलेले पाणी आत न जाता बाहेर पडते. उलट दिशेने कापलेला जोड सुबक दिसला तरी तो पाणी धरून ठेवतो आणि काही वर्षांनी तिथेच पुन्हा सडतो.

जोडायचा तुकडा शक्यतो त्याच जातीचा, तितकाच सुका आणि त्याच दिशेने तंतू असलेला असावा. मोडीत निघालेल्या जुन्या लाकडातून असा तुकडा बहुधा मिळतो. चिकटवण्यासाठी पाण्याला टिकणारा डिंकच वापरावा. पांढऱ्या डिंकांत डी४ हा वर्ग बाहेरच्या कामासाठी असतो. तुकडा किंचित मोठा ठेवून बसवावा, शिकंजात धरून वाळू द्यावा आणि मगच रंध्याने जुन्या पृष्ठभागाशी समपातळीत आणावा. खिळे वा स्क्रू लागलेच तर पितळेचे किंवा स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत, कारण ओकसारख्या टॅनिन असलेल्या लाकडात साधे लोखंड काळे डाग पाडते आणि स्वतःही गंजते.

बाजारात मिळणाऱ्या इपॉक्सी भरणीबद्दल अनेकांचे मत एक तर फार चांगले असते किंवा फार वाईट. ती बऱ्यापैकी कोरड्या, निरोगी लाकडातील लहान पोकळी भरण्यास उत्तम आहे. कुजलेले ओले लाकूड तसेच ठेवून त्यावर ती थापली तर ओल आत कोंडली जाते आणि वरून गुळगुळीत दिसणाऱ्या पृष्ठभागाखाली कूज चालूच राहते. उंबरा किंवा उभ्या बाजूचा तळ गेला असेल तर भरणीचा विचारही करू नये, लाकूडच बसवावे.

सैल झालेल्या कोपऱ्याला बाहेरून लोखंडी कोनपट्टी ठोकणे ही तात्पुरती मलमपट्टी आहे. झडप गुण्यात (काटकोनात) आणून जुनी पाचर काढावी, कुसू साफ करावे, डिंक लावून नवी पाचर ठोकावी आणि सांध्यातून आरपार लाकडी खुंटी घालावी. झडप चौकटीत परत बसवताना चहूबाजूंनी २ ते ३ मिलिमीटर जागा रंगाच्या थरांसह सुटलेली असावी. पावसाळी हवेत लाकूड फुगते. कोरड्या दिवसांत अगदी घट्ट बसवलेली झडप ओल्या दिवसांत उघडत नाही.

वर-खाली सरकणाऱ्या झडपेचे वजन काचेसह करावे. प्रत्येक झडपेला तिची स्वतःची दोन लोखंडी वजने असतात; त्यांची बेरीज वरच्या झडपेसाठी तिच्या वजनापेक्षा किंचित जास्त आणि खालच्या झडपेसाठी तिच्या वजनापेक्षा किंचित कमी ठेवतात, त्यामुळे वरची वर आणि खालची खाली आपोआप राहते. जाड काच बसवली की हा हिशेब बिघडतो. दोरीला कधीही रंग लावू नये; रंगाने ती कडक होते आणि कप्पीवर तुटते.

पुट्टी आणि रंग

पारंपरिक पुट्टी म्हणजे खडूची पूड आणि जवसाचे तेल. काचेच्या खाचेला आधी प्रायमर द्यावा, नाहीतर कोरडे लाकूड पुट्टीतले तेल शोषून घेते आणि ती ठिसूळ होऊन सुटते. खाचेत पुट्टीचा पातळ थर पसरावा, त्यावर काच दाबून बसवावी, बारीक खिळ्यांनी अडकवावी आणि मग बाहेरून उतरता पुट्टीचा पट्टा ओढावा. वर साय धरेपर्यंत, म्हणजे हवामानानुसार एक ते काही आठवडे, रंग लावू नये. रंगाचा हात पुट्टीवरून काचेवर सुमारे २ मिलिमीटर जाऊ द्यावा. ही बारीक रेघ अनेकांना गबाळी वाटून ते ती पुसतात, पण काच आणि पुट्टी यांच्यामधली फट तीच बंद करते. दोन काचांच्या बंदिस्त जोडीला मात्र तेलाची पुट्टी चालत नाही. जवसाचे तेल तिच्या कडेचे सील खराब करते.

रंगापूर्वी गाठींवर लाखेचा हात द्यावा आणि तंतूंची उघडी तोंडे प्रायमरने भरपूर भिजवावीत, कारण पाणी सर्वांत जास्त तिथूनच शोषले जाते. झडपेची वरची व खालची कड नजरेला दिसत नाही म्हणून रंगवायची राहून जाते, आणि खालची कड तर सर्वांत आधी सडते. जाड एका थरापेक्षा पातळ तीन थर बरे.

थंडी, ऊन आणि आवाज

एकेरी काच उष्णता सहज जाऊ देते, ही तक्रार खरी आहे. परंतु तिच्यावर खिडकी बदलणे हाच उपाय नाही. ग्लासगो कॅलिडोनियन विद्यापीठाने स्कॉटलंडमधील वारसा संस्थेसाठी पारंपरिक खिडक्यांची चाचणी केली. तिच्यात काचेच्या आतल्या बाजूस लावलेल्या लाकडी फळ्यांच्या झडपा बंद ठेवल्याने खिडकीच्या काचेतून होणारी उष्णतेची गळती सुमारे निम्म्याने, तर आतल्या बाजूस दुसरी काचेची चौकट बसवल्याने ६० टक्क्यांहून अधिक घटल्याचे आढळले. म्हणजे क्रम असा ठेवावा : आधी फटींना ब्रशची किंवा रबरी पट्टी, मग आतल्या झडपा आणि जाड पडदे, मग आतली दुसरी चौकट. आवाजासाठी दोन काचांमध्ये १०० मिलिमीटर किंवा अधिक अंतर लागते. उष्णतेसाठी त्याहून बरेच कमी पुरते. आतली चौकट घट्ट बंद करावी आणि मूळ खिडकी बाहेरून किंचित हवा जाईल अशी ठेवावी, नाहीतर मधल्या पोकळीत घाम धरतो. स्वयंपाकघर व न्हाणीघर यांची हवा खेळती राहील याची वेगळी सोय करावी.

नवी खिडकी करावीच लागली तर

उंबरा, दोन्ही उभ्या बाजू आणि झडपांचे बहुतेक सांधे गेले असतील, तर नवी खिडकी करणे रास्त ठरते. लाकूड निवडताना व्यापारी नावापेक्षा टिकाऊपणाचा वर्ग विचारावा. युरोपीय मानक ईएन ३५० मध्ये लाकडाचे कुजीला प्रतिकार करण्याचे पाच वर्ग आहेत (१ सर्वांत टिकाऊ, ५ सर्वांत दुबळा); सागवानाचा परिपक्व गाभा वर्ग १ मध्ये गणला जातो, तर स्कॉट्स पाइनचा गाभा वर्ग ३ ते ४ मध्ये. सालीकडचे लाकूड कोणत्याही जातीचे असले तरी वर्ग ५ मध्येच येते, म्हणून ‘सागवान आहे’ एवढ्या उत्तरावर न थांबता पट्टीत पांढरा भाग किती, हे स्वतः पाहावे. ओलावा १२ ते १६ टक्क्यांच्या दरम्यान असावा.

जुनी चौकट मोडण्यापूर्वी तिच्या प्रत्येक पट्टीचा आडवा छेद जाड कागदावर उतरवून घ्यावा. घराचा चेहरा या छेदांवर आणि बारीक पट्ट्यांच्या रुंदीवर अवलंबून असतो. दुहेरी काचेसाठी सुताराने पट्टी दुप्पट जाड केली तर खिडकीच्या जागी फक्त जाळी उरते. १० ते १४ मिलिमीटर जाडीची बारीक दुहेरी काच किंवा त्याहून पातळ निर्वात काच (दोन काचांमधली हवा काढून घेतलेली जोडी) घेतल्यास हा प्रश्न बराच सुटतो. काचेच्या बंदिस्त जोडीचे आयुष्य मात्र काही दशकांचेच असते, तेव्हा ती पुढे बदलता येईल अशा सुट्या लाकडी पट्टीने अडकवावी.

भोकाची रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी मोजावी, सर्वांत लहान माप धरावे आणि त्यातून बसवण्यापुरती मोकळीक वजा करावी. चौकट काढण्यापूर्वी वरचा भार कशावर आहे हे पाहणे अत्यावश्यक आहे; काही जुन्या घरांत कमान किंवा लाकडी तुळई झिजल्याने भार हळूहळू चौकटीवर उतरलेला असतो, आणि आधार न देता चौकट उपटली तर वरची भिंत खचते. नवी चौकट पाणसळ व ओळंबा लावून पाचरींवर बसवावी, उंबऱ्याखाली ओल अडवणारा थर घालावा, आणि चुन्याच्या भिंतीत कडेची फट सिमेंटने न भरता चुन्याच्या गाऱ्याने भरावी. सिमेंट लाकडाशेजारी चिरते आणि त्या चिरेतून आत गेलेले पाणी बाहेर येऊ देत नाही.

काम संपल्यावर दरवर्षी पावसाळ्याआधी उंबरे धुवावेत, खालची खाच मोकळी आहे ना ते पाहावे आणि सांध्यांवर केसाएवढी चीर दिसली तरी तेवढ्याच जागी प्रायमर व रंगाचा हात द्यावा. दक्षिणेच्या आणि पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड असलेल्या खिडक्यांचा रंग बहुधा इतरांआधी जातो, तेव्हा फेरी त्यांच्यापासून सुरू करावी.